डेटा मर्ज दर वेळी का बिघडतो? आधी टेक्स्ट फाइल उघडून बघा

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये पान नीट लावून ठेवलेलं असतं. मागच्या वेळी त्याच पानातून हजारभर प्रमाणपत्रं बिनबोभाट निघालेली असतात. या वेळी नवी यादी जोडून मर्ज केला, म्हणजे यादीतली एकेक नोंद पानातल्या ठरलेल्या जागी आपोआप भरून घेतली, तर कुठे नावाच्या जागी पत्ता येतो, कुठे नुसती प्रश्नचिन्हं दिसतात आणि शेवटी चार पानं कोरीच निघतात. हातात वेळ नसतो, म्हणून मर्ज झालेल्या फाइलीतच हाताने दुरुस्त्या होतात आणि काम छपाईला जातं. पुढच्या यादीला पुन्हा तेच.

ओळखपत्रं, प्रमाणपत्रं, सभासद सूची, नावं घातलेली निमंत्रणं ही कामं मी रोज करतो. बहुतेक वेळा पानाचा काही दोष नसतो असंच मला दिसत आलंय. बिघाड असतो बाहेरून आलेल्या टेक्स्ट फाइलीत, आणि एक्सेलमध्ये तो दिसत नाही. दिसत नाही म्हणून कोणी दुरुस्त करत नाही, आणि म्हणूनच तो दर वेळी परत येतो.

त्यामुळे काहीही बिघडलं तरी पहिलं काम एकच: सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने तोडलेली) किंवा टीएक्सटी (साध्या मजकुराची) फाइल नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये उघडून डोळ्यांनी बघा. नोटपॅड++ असेल तर उत्तम. त्यात ‘शो ऑल कॅरेक्टर्स’ चालू केलं की टॅब बाणासारखा दिसतो, स्पेस ठिपक्यासारखी दिसते, ओळ कुठे संपते तेही दिसतं, आणि खाली उजव्या कोपऱ्यात एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवली आहेत ते, लिहिलेलं असतं. एक्सेल तुम्हाला चौकटी आखून देतं, पण इनडिझाइनला त्या चौकटी दिसत नाहीत. त्याला दिसतात ओळी, आणि ओळीत रकाने वेगळे करणारं एखादं चिन्ह. ते काय वाचणार आहे, तेच आपण वाचायला हवं.

एक नोंद जास्त निघते

यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यांत धोकादायक प्रकार हाच.

एका संस्थेच्या ओळखपत्रांचं काम होतं. १,१८६ माणसं. पुढच्या बाजूला नाव आणि फोटो, मागे पत्ता आणि रक्तगट. पुढची बाजू एका फाइलीतून मर्ज झाली, मागची दुसऱ्या फाइलीतून. दोन्ही पीडीएफ वरवर चाळल्या तेव्हा काहीच वावगं वाटलं नाही. पहिली वीस पत्रं मी पुढून-मागून ताडून बघितली, तीही जुळली. छपाईला पाठवायच्या आधी सवयीने पानांचा आकडा बघितला. पुढच्या बाजूच्या पीडीएफमध्ये १,१८६ पानं होती आणि मागच्या बाजूच्या पीडीएफमध्ये १,१८७.

त्या एका जास्तीच्या पानाचा अर्थ लक्षात आला तेव्हा अंगावर काटा आला. ४१३ व्या पत्त्यापासून पुढे प्रत्येकाच्या ओळखपत्राच्या मागे दुसऱ्याचा पत्ता आणि दुसऱ्याचा रक्तगट गेला असता. पानं दिसायला व्यवस्थित होती, ओळीही सरळ होत्या. नुसतं बघून कुणालाच कळलं नसतं.

कारण एवढंसं होतं. ४१२ व्या माणसाच्या पत्त्याच्या चौकटीत यादी करणाऱ्याने ऑल्ट-एंटर दाबून पत्ता दोन ओळींत लिहिला होता. सीएसव्हीचे रिवाज आरएफसी ४१८० या दस्तऐवजात २००५ साली लिहिले गेले. त्यांनुसार दुहेरी अवतरणचिन्हांच्या आत आलेला एंटर हा त्या चौकटीचाच भाग धरायचा असतो, आणि एक्सेल त्या रिवाजाप्रमाणेच फाइल लिहितं. इनडिझाइनचा डेटा मर्ज मात्र तो एंटर चौकटीचा भाग मानत नाही. त्याच्या लेखी ओळ संपली की नोंद संपली. त्यामुळे पत्त्याचा उरलेला अर्धा भाग स्वतंत्र नोंद झाला आणि पुढचं सगळं एकेक घर खाली सरकलं.

उपाय फाइलीतच करायचा. एक्सेलमध्ये फाइंड-रिप्लेस उघडा, शोधायच्या जागी कंट्रोल-जे दाबा (चौकट रिकामी दिसते, पण चौकटीतला एंटर तिथे नोंदवला गेलेला असतो), आणि बदली अशी खूण घाला जी मजकुरात दुसरीकडे कुठेच येणार नाही. मी दोन उभ्या रेघा वापरतो: ||. मर्ज झाल्यावर इनडिझाइनच्या फाइंड-चेंजमध्ये त्या खुणेच्या जागी ‘फोर्स्ड लाइन ब्रेक’ घातला की पत्ता पुन्हा दोन ओळींत येतो. त्याहून चांगलं म्हणजे यादीतच ‘पत्ता १’ आणि ‘पत्ता २’ असे दोन रकाने ठेवणं. यादी करणाऱ्या माणसाला हे आधीच सांगितलं तर खुणेची गरजच पडत नाही.

जास्तीच्या नोंदी शेवटी कोऱ्या निघत असतील, तर कारण वेगळं असतं. यादीच्या तळाच्या ओळी कोणीतरी डिलीटचं बटण दाबून फक्त रिकाम्या केलेल्या असतात, ओळी काढून टाकलेल्या नसतात. एक्सेल त्या ओळी वापरातल्या समजून फाइलीत लिहितं. आख्ख्या ओळी निवडून काढून टाका, किंवा कामाचा भाग नव्या शीटवर न्या.

आणि मोजणी कधीही सोडू नका. यादीत किती माणसं, डेटा मर्ज पॅनेलच्या प्रीव्ह्यूमध्ये शेवटच्या नोंदीचा बाण दाबल्यावर दिसणारा आकडा किती, पीडीएफची पानं किती. एका पानावर अनेक नोंदी असतील तर भागाकार करावा लागतो, तो करा. हे तीन आकडे जुळल्याशिवाय मी फाइल पुढे देत नाही.

प्रश्नचिन्हं, चौकोन आणि विचित्र रोमन अक्षरं: तीन वेगळे आजार

‘मराठी नीट येत नाही’ एवढंच सांगितलं जातं, तेव्हा मी आधी विचारतो की नक्की काय दिसतंय. उपाय त्यावरच ठरतो.

नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर फाइल आधी नोटपॅडमध्ये बघा. तिथेही प्रश्नचिन्हंच असतील तर त्या फाइलीतला मजकूर गेला. एक्सेलमध्ये साधा ‘सीएसव्ही’ हा प्रकार निवडून सेव्ह केलं की फाइल विंडोजच्या जुन्या लॅटिन कोडपेजमध्ये (अक्षरांच्या जुन्या तक्त्यात) लिहिली जाते, आणि तिथे देवनागरीला जागाच नाही. प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. कुठलंही एन्कोडिंग निवडून तो मजकूर परत येत नाही. त्यात वेळ न घालवता मूळ एक्सेल फाइल मागवा.

रोमन अक्षरांची गिचमीड दिसत असेल, आणि त्यात डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा येत असेल, तर हायसं वाटू द्या. मजकूर जिवंत आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला जातोय. यूटीएफ-८ या युनिकोड एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचं असतं, आणि त्यातला पहिला बाइट जुन्या कोडपेजमध्ये त्याच तिरप्या रेघेच्या ‘ए’चा असतो. अक्षर एक, पण दिसतात तीन, असा हा प्रकार. इनडिझाइनमध्ये ‘सिलेक्ट डेटा सोर्स’ करताना ‘शो इम्पोर्ट ऑप्शन्स’वर टिक करा. मग डिलिमिटर (रकाने वेगळे करणारं चिन्ह) आणि एन्कोडिंग विचारलं जातं, तिथे योग्य ते निवडा.

यातच एक सापळा आहे. कोणीतरी तीच यूटीएफ-८ सीएसव्ही ‘फक्त बघायला’ म्हणून डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडतं. फाइलीच्या सुरुवातीला एन्कोडिंगची खूण नसेल, तर एक्सेल ती जुन्या कोडपेजने वाचतं आणि गिचमीड दाखवतं. बंद करताना ‘सेव्ह करायचं का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं, की ती गिचमीडच फाइलीत कायमची लिहिली जाऊ शकते. मागच्या वेळी चाललेली फाइल या वेळी का चालत नाही, याचं उत्तर अनेकदा इथे मिळतं. मधल्या हातांपैकी कोणी तरी ती उघडून सेव्ह केलेली असते.

अक्षरांच्या जागी चौकोन असतील तर फाइल ठीक आहे, फॉन्टमध्ये देवनागरी नाही. प्लेसहोल्डरला (यादीतला मजकूर जिथे भरला जातो ती पानावरची कंसातली खूण) देवनागरी युनिकोड फॉन्ट द्या. आणि अक्षरं येतात पण वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं फुटून हलन्त दिसतो, असं असेल तर परिच्छेदाचा कम्पोझर (ओळीत अक्षरं जुळवायची पद्धत) बदला: पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कम्पोझर’. हे पॅराग्राफ स्टाइलमध्येच ठरवून ठेवा, म्हणजे मर्ज झालेल्या प्रत्येक पानावर लागू होईल. स्टाइल लावताना प्लेसहोल्डर कंसांसकट पूर्ण निवडा. कॅरेक्टर स्टाइलमध्ये भाषा मराठी ठेवली, तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे मिळतात. नाव छापताना हा फरक लोकांना जाणवतो.

कुठल्या प्रकारात सेव्ह करायचं? माझं ठाम मत: एक्सेलमधून ‘युनिकोड टेक्स्ट’. यातून टॅबने तोडलेली, यूटीएफ-१६ मधली टीएक्सटी फाइल मिळते. इम्पोर्ट करताना टॅब आणि युनिकोड निवडलं की देवनागरी सुखरूप येते. पत्त्यात स्वल्पविराम असतातच, टॅब मात्र कोणी लिहीत नाही, त्यामुळे रकाने फुटण्याची भीतीही जवळजवळ जाते. यादी गूगल शीट्समध्ये असेल तर टीएसव्ही (टॅबने तोडलेली फाइल) डाउनलोड करा, नोटपॅडमध्ये उघडा, आणि ‘सेव्ह ॲज’मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-१६ एलई निवडून टीएक्सटी म्हणून ठेवा.

जुन्या फॉन्टमधली यादी

हा आपल्याकडच्या कामातला खास प्रश्न आहे, आणि परदेशी मदतपानांवर याचं उत्तर सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलीत मराठी नसतेच. तिथे असतात रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं. फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. साधं पत्र लिहायला हे चालून जातं, पण मर्जला ते भोवतं, कारण मर्ज मुखवटा बघत नाही.

कृतिदेव ०१० घ्या. त्यात ‘ए’ हे अक्षर स्वल्पविरामाच्या जागेवर बसवलेलं आहे. म्हणजे ‘एकनाथ’ हे नाव फाइलीत स्वल्पविरामाने सुरू होतं. ती चौकट अवतरणचिन्हांत बंद केलेली नसेल, तर सीएसव्ही वाचणाऱ्याला पहिला रकाना रिकामा वाटतो, आणि ‘कनाथ’ पुढच्या रकान्यात जातं. ‘संतोष’मधला ‘ष’ दुहेरी अवतरणचिन्हाने लिहिला जातो, आणि सीएसव्हीत दुहेरी अवतरणचिन्ह म्हणजे ‘इथून पुढे सगळं एकच चौकट’ किंवा ‘इथे चौकट संपली’ असा इशारा. ‘शंकर’चा ‘श’ एकेरी अवतरणचिन्हाने सुरू होतो, आणि एक्सेलच्या चौकटीत पहिलंच चिन्ह तसं टाइप केलं तर एक्सेल त्याला ‘हा मजकूर आहे’ अशी खूण समजून बाजूला ठेवतं. निर्यात झालेल्या फाइलीत ते नसतं. ‘शंकर’चा ‘श’ नाहीसा होऊन नुसता काना-अनुस्वार आणि ‘कर’ उरतो.

यादीतली शंभर नावं बरोबर येतात आणि नेमके एकनाथ, संतोष, शंकर, शोभा बिघडतात, तेव्हा माणूस चक्रावतो. ही नावं एका ओळीत मांडून बघा, काय चाललंय ते लगेच कळेल. एक्सेलचा ऑटोकरेक्टही यात भर घालतो. वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करणं, सुरुवातीची दोन मोठी अक्षरं ‘सुधारणं’ हे इंग्रजीत उपयोगाचं असेल, पण जुन्या फॉन्टमध्ये लहान आणि मोठं अक्षर ही दोन वेगळी देवनागरी चिन्हं असतात.

अशा यादीवर दुरुस्त्या करत बसू नका. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मगच मर्जला लावा. कन्व्हर्टर अनेक आहेत. कुठलाही वापरला तरी रफार, ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’, ‘ज्ञ’, ‘क्ष’ आणि अर्धी अक्षरं असलेली नावं डोळ्यांखालून घाला, कारण चुका तिथेच राहतात. ज्याच्या नावाचं प्रमाणपत्र आहे त्याला ते जन्मभर जपायचं असतं. ‘कुऱ्हाडे’चा ‘कुर्हाडे’ झालेला त्याला दिसतो, आपल्याला दिसो वा न दिसो.

एक्सेल आकडे ‘सुधारतं’ तेव्हा

‘००४७’ हा सभासद क्रमांक ‘४७’ होतो. ‘३-४’ अशी तुकडी तारीख बनते. बारा आकडी क्रमांक रुंद रकान्यातसुद्धा दशांश आणि घातांकाच्या रूपात दिसतो, आणि टेक्स्ट फाइलीत तसाच उतरतो. सगळ्यांत वाईट म्हणजे एक्सेल आकड्याचे फक्त १५ अर्थपूर्ण अंक लक्षात ठेवतं. १६ आकडी क्रमांक टाइप केला, ‘१२३४५६७८९०१२३४५६’, तर शेवटचा सहा जाऊन तिथे शून्य येतं. ते शून्य पडद्यावर नुसतं दिसत नसतं, फाइलीत खरोखर लिहिलेलं असतं. नंतर रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ केला तरी सहा परत येत नाही.

रकाना भरण्याआधी ‘टेक्स्ट’ करायचा, हा एकच उपाय. तयार सीएसव्ही आली असेल तर डबल-क्लिक करू नका. एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून टेक्स्ट/सीएसव्ही आयात करा, एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगा आणि क्रमांकांचे रकाने टेक्स्ट म्हणून घ्या.

रिकामी ओळ का मिटत नाही

पत्ता २ काहींना असतो, काहींना नसतो. ‘रिमूव्ह ब्लँक लाइन्स फॉर एम्प्टी फील्ड्स’वर टिक केलेली असते, तरी मधे भोक राहतं. तीन जागा तपासा.

पानावर ती ओळ शिफ्ट-एंटरने तोडली आहे का? ही सोय परिच्छेदाच्या एंटरवर चालते, शिफ्ट-एंटरवर नाही. त्या ओळीवर प्लेसहोल्डरसोबत स्वल्पविराम, स्पेस किंवा ‘जि.’सारखं काही आहे का? ओळीवर एक स्पेस जरी असली तरी ओळ रिकामी धरली जात नाही. स्वल्पविराम हवाच असेल तर तो फाइलीत मजकुराला जोडून आणा. तिसरी जागा म्हणजे चौकट स्वतः. ती रिकामी दिसते, पण आत एखादी स्पेस असते. एक्सेलचं ट्रिम फंक्शन साध्या स्पेस काढतं. वेबपानावरून कॉपी केलेल्या यादीत मात्र बहुधा नॉन-ब्रेकिंग स्पेस असते, ती ट्रिमला जुमानत नाही. चौकटीतून ती एक स्पेस कॉपी करा, फाइंडमध्ये चिकटवा आणि रिकाम्याने बदला. शीर्षकाच्या ओळीतही अशी शेपटी राहू शकते. ‘नाव’ आणि ‘नाव ’ ही इनडिझाइनला दोन वेगळी फील्ड्स (रकाने) वाटतात, आणि नवी फाइल जोडल्यावर ‘फील्ड सापडत नाही’ म्हणतं ते यामुळेच. शीर्षकाची एखादी चौकट कोरी असेल तर फाइल उघडायलाच नकार मिळू शकतो.

फोटो

शीर्षकाच्या आधी @ लावायचा, फक्त शीर्षकाच्या, खालच्या नोंदींना नाही. एक्सेल @ ने सुरू होणारी चौकट फंक्शन समजून अडवतं, म्हणून आधी एकेरी अवतरणचिन्ह टाका. नुसतं फाइलीचं नाव दिलं असेल तर फोटो डेटा फाइलीच्याच फोल्डरमध्ये हवेत. एक्स्टेन्शन लिहायलाच हवं. विंडोज एक्स्टेन्शन लपवत असेल तर ते आधी दाखवायला लावा, नाहीतर दोनदा जेपीजी लागलेली नावं दिसणारच नाहीत. फोटोंची नावं देवनागरीत ठेवू नका. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतं, आणि ‘र’ला खाली नुक्ता जोडूनही. दोन्ही डोळ्यांना सारखीच दिसतात, पण जुळवणीत वेगळी पडू शकतात. सभासद क्रमांक हेच फोटोचं नाव ठेवणं सगळ्यांत बरं.

दुरुस्ती केली, तरी जुनंच येतंय

टेक्स्ट फाइल बदलली म्हणजे पॅनेलमधली माहिती बदलली असं नाही. ‘अपडेट डेटा सोर्स’ करावं लागतं. हे विसरून जुनीच यादी छापली गेली तर कागद वाया जातो आणि लोकांची नावंही चुकतात, म्हणून मर्जच्या आधी शेवटी बदललेली एक नोंद प्रीव्ह्यूमध्ये मुद्दाम काढून बघावी.

याहून महत्त्वाचं म्हणजे मर्ज झालेल्या डॉक्युमेंटमध्ये केलेली दुरुस्ती मूळ फाइलीपर्यंत कधीच पोहोचत नाही. आज तिथे ‘कुलकर्णी’ नीट केलं, पण यादीत ते चुकीचंच राहिलं. पुढच्या महिन्यात तीच चूक पुन्हा छापली जाणार. दोष परत परत येतो त्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे, असं मी अनेक कामांनंतर म्हणतो. कितीही घाई असो, दुरुस्ती यादीत करा, नवी टीएक्सटी काढा, अपडेट करा, पुन्हा मर्ज करा. प्लेसहोल्डर मास्टर पानावर (इतर पानांना लागू होणारं मूळ पान, नव्या आवृत्त्यांत ‘पॅरेंट’) ठेवले असतील तर मर्ज झालेल्या डॉक्युमेंटमध्ये ‘अपडेट कन्टेन्ट इन डेटा फील्ड्स’ चालतं आणि पुन्हा मर्ज करण्याचा वेळ वाचतो. एका पानावर अनेक नोंदी हव्या असतील, तर मात्र मूळ डॉक्युमेंट अनेक पानांचं असून फील्ड्स साध्या पानावर असतील तर ते जमत नाही. तसंच फील्ड्स एकापेक्षा जास्त मास्टर पानांवर असतील तरीही जमत नाही.

बिघडलेली नोंद सापडत नसेल तर

हजार ओळींतली एक ओळ नुसतं वाचून शोधू नका. ‘क्रिएट मर्ज्ड डॉक्युमेंट’मध्ये ‘रेंज’ देता येते. निम्म्या नोंदी मर्ज करा. बिघाड आला तर तो त्या निम्म्यात आहे, नाही आला तर उरलेल्या निम्म्यात. मग त्याचे पुन्हा दोन भाग करा. १,००० नोंदी असतील तर दहा वेळा निम्मं केलं की एका ओळीपर्यंत पोहोचता. फाइल मुळातच उघडत नसेल तर शीर्षक आणि पहिल्या दोन नोंदी एवढीच फाइल करून बघा. ती उघडली तर पान आणि शीर्षकं ठीक आहेत, दोष खाली कुठेतरी आहे.

मजकूर फ्रेमबाहेर जातोय का, हे तपासायला मर्जच्या खिडकीतच ‘ओव्हरसेट टेक्स्ट रिपोर्ट’ची टिक आहे, ती कायम ठेवा. सगळ्यांत लांब नाव आधी शोधायला काही जण एक्सेलचं चिन्हं मोजणारं लेन फंक्शन वापरतात. देवनागरीत ते फसवतं. ‘क्षत्रिय’ कागदावर तीन अक्षरांचं दिसतं, पण लेन आठ सांगतं, कारण ते हलन्त आणि वेलांटीही मोजतं. अंदाज घ्यायला वापरा, पण वरची पंधरा-वीस नावं फ्रेममध्ये प्रत्यक्ष बसवून बघा.

आता मी प्रत्येक कामाला यादीच्या डोक्यावर पाच चाचणी नोंदी लावतो आणि फक्त त्यांचा मर्ज आधी करतो. पहिली, यादीतलं सगळ्यांत लांब नाव. दुसरी, पत्ता २ नसलेली. तिसरी, पत्त्यात स्वल्पविराम आणि अवतरणचिन्ह दोन्ही असलेली. चौथी, ‘ऱ्ह’ आणि रफार असलेलं आडनाव. पाचवी, शून्याने सुरू होणारा क्रमांक आणि फोटो नसलेला माणूस. ही पाच पानं कागदावर काढून ज्याने यादी दिली त्याला दाखवतो, त्याने मान डोलावली की त्या ओळी काढून टाकतो, मूळ फाइलीची प्रत ‘हात लावू नये’ अशा नावाने वेगळी ठेवतो, आणि मगच ‘ऑल रेकॉर्ड्स’ निवडतो.